जोकिम चांगला मेला

७ फेब्रुवारी २००१, बुधवार

डोळे मिटले मी! ऑफिसातून हाफ डे काढला, पहिल्या दिवसाचा पहिला शो, चांगल्या रांगेतली तिकिटं — आणि नवरा पडद्यावर आला तेव्हा मी ओढणी तोंडावर घेऊन बसले. शेजारी खुद्द जोकिम. तो पॉपकॉर्न खात होता!

पण मी तरी काय करणार? तो हिरो, व्हॅम्पायर मारत हिंडणारा — दोन तलवारी, काळा लेदरचा कोट, दुबईच्या या हवेत! — त्याने तोपर्यंत किती जणांना कापलं त्याला हिशेब नाही. मोटरसायकल काचेतून आरपार, माणूस काचेतून आरपार. मला वाटलं आता आमच्या चष्म्याच्या काचाही फुटणार. रक्त बरंचसं सेन्सॉरने कापलं होतं, म्हणून मारलेला माणूस मधेच गायब व्हायचा आणि पुढचा उडी मारून यायचा. आणि मग ते कोल्ड स्टोरेज दिसलं. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातलं, बंद पडलेलं. मी लगेच ओळखलं. गेल्या वर्षी शूटिंग चालू असताना मी स्वतः तिथे जोकिमला डबा पोचवलाय. तेव्हा तो दारात उभा राहून, तोंडाला पांढरा रंग फासलेला, सुळे काढून खिशात ठेवून, मी केलेलं कोंबडी-पोह्यांचं भुजिंग खात होता. तेव्हा हसू आलं होतं. आज तेच दार पडद्यावर उघडलं आणि मी ओढणी वर ओढली.

ऐकलं मात्र सगळं. हिरोचं इंग्लिश, तलवारीचा आवाज, चर्रर्र असं काहीतरी भाजल्याचं. जोकिमचा आवाज नाहीच. मग हॉलमध्ये शिट्ट्या. डोळे उघडले तर पुढची मारामारी सुरू.

"झालं?" मी विचारलं.

"खलास," जोकिम म्हणाला आणि पॉपकॉर्न पुढे केले.

बाहेर लॉबीत दोन लेबनीज पोरं त्याच्याकडे वळून वळून बघत होती. शेवटी एकाने विचारलंच, "हबीबी, इज दॅट यू?" याने पॉपकॉर्नच्या खोक्यावर सही केली! माझा हॉटेलातला बॅन्क्वेट कॅप्टन! लग्नांच्या पार्ट्यांत ट्रे घेऊन उभा राहणारा माझा नवरा. त्या फिल्मवाल्या गोऱ्यांनी त्याला तसाच हेरला — उंची, खपाटीला गेलेले गाल, ते खोल डोळे — आणि म्हणाले, हाच पाहिजे.

लेकीला, ॲमंडाला, नेलं नाही. पंधराच्या खाली प्रवेश नाही, ती अकरा. घरी आल्यावर पहिला प्रश्न — "डिड डॅडी डाय वेल?"

हो म्हणाले. देव मला क्षमा करो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी नावं पळतात त्यात याचं नाव Joaquim Tuscano असं द्यायचं ते "J. Toscana" दिलंय म्हणे! तुस्कानोचा तोस्काना! वसईत सात पिढ्या झाल्या आम्हाला. जोकिम म्हणतो, जाऊ दे. त्याचं सगळंच जाऊ दे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

संताप संताप झालाय.

चर्चमध्ये शुक्रवारची मिस्सा संपली, नेहमीसारखे आम्ही मराठी गटवाले बाहेर कंपाउंडमध्ये उभे राहिलो. एरवी चहा, समोसा, गावची बातमी. आज एकच विषय.

"काय रे जोकिम, क्रूस दिसला की पळतोस?"

"पळाला नाही, भाजला! कपाळावर ठेवला ना त्याने क्रूस!"

"आता शिंतोडा उडवू का पवित्र पाण्याचा? बघू धूर निघतो का!"

ही मस्करी, हे ठीक. पण मग ती कोपऱ्यातून — नाव लिहीत नाही, कागद खराब होतो — "मस्करी नाही हं. उत्तम शुक्रवारी जो येशू होतो त्याने असलं काम करावं का?"

सगळे हातातल्या समोशांकडे बघायला लागले.

नऊ वर्षं. नऊ वर्षं दर गुड फ्रायडेला आमच्या गटाच्या दुःखसहनाच्या नाटकात जोकिम येशू होतो. हॉलमध्ये लोकांना बसायला जागा नसते. तो क्रूस घेऊन पडतो तेव्हा बायका हुंदके देतात. केरळवाले, मंगलोरवाले, गोवेकर — मराठीचा शब्द कळत नाही तरी येऊन बसतात. माझी आई वसईत गावभर सांगत फिरते, आमचा जावई दुबईत येशू होतो. तो झगा मी शिवते. दर वर्षी नवा. आणि ही बाई म्हणते, असलं काम!

मी म्हणाले, "तू पाहिलास का पिक्चर?"

"शी! मी नाही बघत असले पिक्चर."

न बघताच मत! मी तोंड उघडणार तेवढ्यात बस्त्याव अंकलनी मला चहा दिला हातात. अंकल म्हणजे आमच्या गटाचं सगळं काही — सत्तर सालच्या आसपास आले इथे, नाटक त्यांनीच सुरू केलं, आधी स्वतः येशू व्हायचे. गुडघे गेले तेव्हा जोकिमला शोधलं. ते हसले फक्त. म्हणाले, "चहा घे, बाय. निवतोय."

१० फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसचा ड्रायव्हर जहूर. पेशावरचा. शब्द मोजून बोलणारा माणूस. आज मला बँकेत सोडताना आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, आपका साहब बहुत अच्छा मरा."

मी शुक्रिया म्हणाले.

"बाकी सब जानवर के माफिक मरा. आपका साहब आदमी के माफिक मरा."

मग सिग्नल सुटला. एवढं मोठं मत आणि पुढे अख्खा रस्ता एक शब्द नाही! पण बँकेच्या रांगेत उभी राहून मला रडायलाच आलं. चर्चमधल्या एकालाही हे दिसलं नाही, ते जहूरला दिसलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पेपरात प्रेक्षकांची मतं आलीत. शोभनाने कात्रण आणून दिलं. शोभना समोरच्या फ्लॅटमधली, पुण्याची. तिच्या नवऱ्याने, गुणवंतने, पिक्चर दोनदा पाहिला — "अहो वहिनी, दोनदा म्हणजे चाळीस दिरहम! जवळजवळ पाचशे रुपये! पण जोकिमभाऊंसाठी गेलो." शोभनाचं मत असं की पिक्चर भिकार, मारामारीने डोकं उठलं, भुताचा पिक्चर आणि भीती कुठेच नाही, "पण आपला माणूस असला की सगळं गोड लागतं."

कात्रणातली मतं: कुणी अजमानवाला लिहितो, असा ॲक्शन पिक्चर दहा वर्षांत झाला नाही. कुणी एक बाई लिहिते, व्हॅम्पायरच्या पिक्चरमध्ये व्हॅम्पायर दिसेपर्यंत मरतोच, भीती वाटायला वेळ कुठे? हे मला पटलं. एक मुलगा लिहितो, हिरोची मोटरसायकल कुठली ते कळवा.

आणि शारजाचा कुणी शहाणा — "कोल्ड स्टोरेजमधला उंच व्हॅम्पायर काहीच करत नाही. नुसता बघत राहतो. ओव्हरॲक्टिंग."

काहीच न करून ओव्हरॲक्टिंग! कशी करतात ती, दाखव म्हणावं मला!

मी पेपराला पत्र लिहायला बसले. जोकिमने वाचलं, खूप हसला आणि म्हणाला, "ॲडेलिन, तू डोळे मिटले होतेस."

पत्र फाडलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

चप्पल न काढताच लिहायला बसलेय.

आज नाटकाची पहिली बैठक. पिलात कोण, पेत्र कोण, वेरोनिका कोण, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग बस्त्याव अंकल उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "यंदा येशूचं काम ॲरॉन करील."

ॲरॉन! कार्गोत काम करणारा पोरगा, येऊन वर्ष झालं नाही, धड दाढी येत नाही! तो बिचारा स्वतःच दचकला.

मी विचारलं, "का?"

अंकल माझ्याकडे बघेनात. टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "तो पिक्चर… लोक बोलतायत, बाय. क्रूस लागून भाजलेला माणूस, लोकांना तेच डोळ्यांसमोर येणार. एक वर्ष थांबू."

"कोण लोक?"

"लोक."

आणि जोकिम! तो म्हणाला, "चालेल, अंकल." एवढंच. चालेल! उठून ॲरॉनच्या पाठीवर थाप मारली, त्याला म्हणाला, "दुसऱ्यांदा पडतोस ना, तेव्हा डाव्या हातावर पड, उजवा मोडतो."

मी गाडीत बसेपर्यंत कळ काढली. मग नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

काल रात्रीपासून भांडतेय, एकटीच. तो भांडतच नाही. "सोड ना." "अंकलना काही बोलू नकोस." "म्हातारा माणूस आहे." अरे, तुझं नऊ वर्षांचं काम काढून घेतलं! तुला काही वाटत नाही? तर म्हणे, "वाटतं ना. भूक लागलीय असं वाटतं."

दोन वेळा भात घेतला. माणूस आतून तुटला की असंच होतं, मी ऐकलंय. हसतो, खातो, काही दाखवत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आईचा फोन. आमच्या गावात तो पिक्चर लागलेला नाही, लागणारही नाही, पण सगळ्यांची मतं तयार आहेत! कुणी सांगितलं जोकिमने पाद्रीचं रक्त प्यायलं. कुणी सांगितलं बायकांबरोबर नाचला. आईने विचारलं, "पोरी, यंदा येशू आहे ना तो?"

हो म्हणाले. दुसऱ्यांदा.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

अंकलना गाठलं. पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडताना.

"अंकल, तुम्ही पिक्चर पाहिलात?"

"नाही, बाय."

"मग?"

"लोक —"

"लोकांनीही पाहिला नाही! ज्यांनी पाहिला ते म्हणतात तो चांगला मेला! आमचा ड्रायव्हर मुसलमान आहे, तो म्हणतो आदमी के माफिक मरा! आणि तुम्ही, ज्यांनी याला येशू केलं, तुम्ही न बघता त्याला खाली उतरवता? येशूला क्रूसावर देणाऱ्या पिलातानेसुद्धा आधी चौकशी केली होती!"

पिलाताचं बोलायला नको होतं. पण बोलले.

अंकल किल्ली हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बघतो. तू म्हणतेस तर बघतो."

"माझ्याबरोबर बघा. मी येते."

का म्हणाले मी हे! आता मलाही बघावा लागणार.

२८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन ऑफिसला गेले, जहूरला समजावून सांगितलं.

संध्याकाळी घरी येते तर जोकिमने दाढी काढलेली! सफाचट! लेंट, ईस्टरआधीचा उपासकाळ, जवळ आला की हा दाढी वाढवायला घेतो, दर वर्षी, नाटकासाठी. हॉटेलातून खास परवानगी काढतो. आज लेंटच्या पहिल्याच दिवशी उडवली. गालांवरून हात फिरवत आरशासमोर उभा.

ॲमंडा म्हणाली, "डॅडी, यू लुक सो यंग!"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. बस्त्याव अंकल, हे तुमच्या डोक्यावर.

५ मार्च, सोमवार

ईदची सुट्टी. मॅटिनीला गेलो, मी आणि अंकल. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात जपमाळ. तिकीट मला काढू दिलं नाही. हॉल अर्धा रिकामा, पुढे पठाण पोरांची एक रांग, मागे फिलिपिनो मुली.

अंकल पहिली दहा मिनिटं स्वतःवर क्रूसाची खूण करत होते. मग हिरो मोटरसायकलवरून भिंत चढला तेव्हा म्हणाले, "हे कसं केलं असेल?" त्यानंतर पाण्याच्या टाकीवरची ती मारामारी आली, आणि सत्तरीचा माणूस खुर्चीच्या टोकावर! "मागे! मागे बघ, गाढवा!" — हिरोला, मराठीतून!

मग कोल्ड स्टोरेज.

मी डोळे उघडे ठेवले. दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

आधीचे दोघे व्हॅम्पायर किंचाळत येतात, हिरो त्यांना हवेतच संपवतो. आणि मग आत, बर्फाच्या धुरात, जोकिम उभा असतो. किंचाळत नाही, झेप घेत नाही. हिरो जवळ येतो, गळ्यातला क्रूस काढतो आणि याच्या कपाळाला लावतो. आणि जोकिम त्या क्रूसाकडे बघतो.

कसं लिहू? आपल्याच घराला बाहेरून कुलूप लागलेलं असावं, आत दिवा लागलेला, घरची माणसं जेवायला बसलेली, आणि आपण खिडकीशी. तसा बघतो. मग चर्रर्र. मग धूर. आणि तो अगदी हळू गुडघ्यांवर येतो. तोपर्यंत डोळे क्रूसावरच.

पठाण पोरांनी शिट्टी मारली नाही. मागची एक मुलगी हळूच म्हणाली, "कावावा." ऑफिसातल्या फिलिपिनो मुली हे दिवसातून दहादा म्हणतात — बिचारा.

तेरा वर्षं लग्नाला झाली. हा चेहरा माझ्या घरी जेवतो, मला माहीत नव्हता.

दिवे लागले तेव्हा अंकल चष्मा पुसत होते. "फार चांगलं केलंय," म्हणाले. "फारच चांगलं केलंय पोराने."

"मग अंकल? आता?"

अंकलनी चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"आता काय कारण राहिलं?"

"नाही, बाय. यंदा ॲरॉनच."

"पण का?"

अंकलनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो झटकला. सगळ्यांसमोर, लॉबीत.

६ मार्च

म्हणजे कारण पिक्चर नव्हताच. मग काय? मत्सर?

९ मार्च, शुक्रवार

फादरना भेटले. गोव्याचे, शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं. त्यांनी पिक्चर पाहिला नाही, पण त्यांना त्यात पाप दिसत नाही — "वाईटाला क्रूस सहन होत नाही, हेच ना दाखवलं? चांगलं धर्मशिक्षण झालं." मी म्हणाले, हेच लिहून द्या. तर हसले. म्हणाले, नाटक गटाचं आहे, गटात बोला. आणि मग — "जोकिमला काय हवंय ते विचारलंत?"

विचारायचं काय त्यात! ज्याची भाकरी काढून घेतली त्याला विचारायचं का, भूक आहे का म्हणून?

१४ मार्च, बुधवार

पिक्चर उतरला. मतं उतरत नाहीत. हॉटेलात एका अरब लग्नात बाळ याला बघून रडलं म्हणे, आणि बाळाच्या बापाने ओळखून फोटो काढून घेतला. मॅनेजर खूश. म्हणजे हॉटेलला चालतो, चर्चच्या हॉलला नाही!

२३ मार्च, शुक्रवार

गटाची सभा. मी बोलले. ठरवून गेले होते, नीट बोलायचं, आवाज चढवायचा नाही. ॲरॉनला झगा कुणाचा द्यायचा यावरून विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, ॲडेलिन देईल ना, दर वर्षी शिवते.

नाही देणार, मी म्हणाले.

मग मी सुरू झाले. पिक्चर न बघता मतं देणारे. बघूनही न्याय न करणारे. जोकिमने हॉटेलात डबल ड्युट्या करून तालमी केल्या, कापडी चपला घालून खऱ्या लाकडाचा क्रूस उचलला — आणि तुम्ही! सगळे मान खाली घालून. बस्त्याव अंकल समोर, हातात पाण्याचा ग्लास.

आणि मी म्हणाले — इथे लिहिते, कारण कुठेतरी लिहायलाच हवं — मी म्हणाले, "अंकल, तुम्ही येशू व्हायचात तेव्हा कुणी रडलं नाही. जोकिमसाठी रडले. ते तुम्हाला अजून सहन होत नाही. पिक्चर हे निमित्त."

अंकलच्या बायकोने तोंडावर हात घेतला.

अंकल पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला. जोकिमकडे एकदा बघितलं, नुसतंच. मग म्हणाले, "झगा आपण मीना बाजारातून कापड आणून शिवून घेऊ. पुढचा विषय."

जोकिम पांढराफटक. मेकअप लावल्यासारखा. घरी येताना म्हणाला, "ॲडेलिन, तू हे बोलायला नको होतंस."

"कुणीतरी बोलायला हवंच होतं! तू नाही बोलत!"

गाडी त्याने बाजूला घेतली, थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसला. काहीतरी सांगणार असं वाटलं. मग मागून कुणी हॉर्न मारला आणि निघालो.

२४ मार्च

मी चुकले नाही.

२ एप्रिल, सोमवार

जोकिम अंकलच्या घरी गेला होता. एकटा. माझ्या वतीने माफी मागायला असणार! मी विचारलं, तो म्हणाला, "कामाचं होतं." मी जेवण वाढलं आणि उठून गेले. ज्यांनी मारलं त्यांच्याच पाया पडायचं! मला असला साधुपणा नको. खरा येशूसुद्धा देवळात चाबूक घेऊन उठला होता.

शोभना म्हणते, "सोड ना गं, पुढच्या वर्षी मिळेल." तिला काय कळणार. त्यांच्याकडे गणपतीत नाटक बसवतात, राजा एका वर्षी गुणवंत, पुढच्या वर्षी दुसरा कुणी, कुणी काही म्हणत नाही.

८ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. आम्ही मागे उभे राहिलो. मी कुणाशी बोलले नाही.

१३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. जोकिमच म्हणाला, "मी जाणार." स्वतः आधी तयार झाला. ॲमंडाने त्याचा हात धरला. मी मागून.

तिसऱ्या रांगेत बसलो. नऊ वर्षं मी विंगेतून बघितलं, झग्याच्या पिना हातात घेऊन. समोरून मीही पहिल्यांदाच. ॲरॉन बरा होता. खोटं का लिहू, बरा होता. घाबरलेला, आवाज फाटलेला, क्रूसाखाली खरोखर लटपटत होता. दुसऱ्यांदा पडला तो डाव्या हातावर.

आणि माझ्या शेजारी जोकिम रडायला लागला.

असा नाही की डोळ्यांत पाणी. खांदे हलत होते. वेरोनिकेने येशूचं तोंड पुसलं तेव्हा त्याने तोंड हातांत लपवलं आणि आवाज फुटला त्याच्या तोंडून. पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. ॲमंडा घाबरून, "मम्मा, व्हॉट्स राँग विथ डॅडी?"

मी समोर बघितलं. विंगेत बस्त्याव अंकल उभे होते, त्यांना जोकिम दिसत होता. बघा म्हटलं मनात. बघा, माणसाचं काय केलंत तुम्ही. अंकलही डोळे पुसत होते. आता कशाला!

बाहेर त्यांनी हात पुढे केला. मी घेतला नाही. जोकिमने घेतला, आणि सोडेचना.

१५ एप्रिल, रविवार

ईस्टर. सकाळी चहा घेताना मी म्हणाले, पुढच्या वर्षी ते काम मी तुला परत मिळवून देणार, काही झालं तरी.

जोकिमने कप खाली ठेवला. म्हणाला, नको. मीच सोडलं ते.

पिक्चर लागायच्या आधी तो अंकलकडे गेला होता. हात जोडले. मला यातून सोडवा, क्रूसावर चढलो की लोक रडतात आणि माझ्या डोक्यात उद्याची ड्युटी असते, लाज वाटते. आणि ॲडेलिनला कळू देऊ नका. पिक्चरचं कारण अंकलनी शोधलं. शुक्रवारी तो रडला ते, म्हणे, येशूची ती गोष्ट इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापर्यंत पोचली म्हणून.

सभेनंतर तो अंकलना सांगायला गेला होता, आता मी खरं सांगतो. अंकल म्हणाले, ईस्टर होऊ दे. तिचा सण नासवू नकोस.

"मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

अंकलचा नंबर मला पाठ आहे. शेवटचा आकडा काही दाबवत नाही.